वकिलांची काळी जोडी

जुलैच्या अखेरीस नारायण पेठेतल्या आमच्या कामाच्या खोलीत बुटांची एक काळी जोडी आली. जोडीचे मालक शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करतात, राहतात सदाशिव पेठेत, रोजची ये-जा मोटारसायकलने. पाच-सहा वर्षांपूर्वी चांगले पैसे मोजून घेतलेले बूट. पिशवीतून काढून टेबलावर ठेवत ते म्हणाले, "ताई, यात काही राम उरलाय का, की टाकून नवे घेऊ?"

मी चामड्याच्या वस्तू दुरुस्त करते. वडिलांचा गटईचा स्टॉल होता, त्यांच्या हाताखाली आरी-रापी, म्हणजे भोकं पाडायचा टोचा आणि चामडं तासायची सुरी, धरायला शिकले आणि पुढे बूटबांधणीचं रीतसर शिक्षण घेतलं. हे प्रकरण सविस्तर लिहून काढावंसं वाटलं, कारण पुण्यात चांगले बूट ज्या कारणांनी मरतात, ती जवळजवळ सगळी या एका जोडीत सापडली. त्यांत चालण्यामुळे झालेलं नुकसान सगळ्यांत कमी होतं.

जोडी आली तेव्हा

लांबून बूट चकचकीत दिसत होते. हातात घेतल्यावर कळलं की चमक चामड्याची नाही, वर बसलेल्या थराची आहे. स्पंजच्या बाटलीतलं लिक्विड पॉलिश इतक्या वेळा फिरवलं होतं की बोटं वाकतात त्या जागी थराला भेगा पडल्या होत्या आणि नखाने खरवडलं की खपल्या सुटत होत्या. डाव्या बुटाच्या चवड्यावर बोटभर रुंदीचा पट्टा घासून करडा झाला होता. उजवा तिथे शाबूत. दोन्ही बुटांचे काउंटर, म्हणजे टाचेमागचा आतला ताठ भाग, चेपून मऊ पडले होते. डाव्या बुटाने पुढून तोंड उघडलं होतं, आणि ते बंद करायला कुणीतरी चार चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकल्या होत्या.

आत हात घातला तर अस्तर गार आणि चिकट. चवड्याच्या बाजूला पांढरट-हिरवी बुरशी. पाय टेकतो तो आतला तळ काळपट, कडक, आणि कडांनी वर वळलेला. टाचेचं रबर बाहेरच्या अंगाने तिरकं झिजलं होतं. चालण्याची झीज म्हणाल तर ती एवढीच, आणि तीही बहुतेकांच्या बुटांत अशीच असते.

कुठल्याही जोडीला हात लावण्याआधी मी माणसाचा दिवस विचारते. बूट कुठे निघतात, कुठे ठेवले जातात, ओले झाले की काय होतं. वकीलसाहेबांनी मोकळेपणाने सांगितलं. सकाळी घरून निघायचं, पावसात अंगावर रेनकोट असतो पण पावलं उघडी. रस्त्यावर पुढच्या गाडीच्या चाकाने उडवलेलं पाणी थेट बुटांवर. कोर्टात पोचेपर्यंत मोजे ओले. संध्याकाळपर्यंत त्याच बुटांत उभं राहायचं, घरी येऊन ते दारामागच्या बंद कपाटात सारायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच घालायचे. रविवारी ऊन पडलं तर गच्चीत कडकडीत वाळवायचे. सोमवारी सकाळी बाटलीतलं पॉलिश. एकदा सुनावणीची घाई होती तेव्हा हेअर ड्रायर आत धरला होता, हेही त्यांनी आठवून सांगितलं.

ओल, मग ऊन, मग वरून झाकण

पुण्याचा पाऊस कोकणाच्या मानाने किरकोळ, म्हणून आपण त्याला हलक्यात घेतो. चामड्याला मात्र पावसाच्या सरींपेक्षा हवेतली ओल जास्त छळते. कोर्टापासून फार लांब नसलेल्या शिमला ऑफिसात, जिथे १९२८ साली हवामान खात्याचं कार्यालय सिमल्याहून हललं, जुलै-ऑगस्टमधली सकाळची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर नोंदली जाते. साधारण ७० टक्क्यांच्या पुढे बुरशीला चामड्यावर वाढायला आयती संधी मिळते. अशा हवेत बंद कपाटात ठेवलेला ओला बूट रात्रीत वाळत नाही. दोन पावलांचा दिवसभराचा घाम आधीच अस्तरात मुरलेला असतो, त्यावर रस्त्याचं पाणी. दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा त्याच ओलीत. ही जोडी जून ते सप्टेंबर कधी पूर्ण कोरडी झालीच नव्हती.

चामडं म्हणजे कोलॅजेनच्या तंतूंचं दाट जाळं. कातडं कमावल्यावर कारखान्यात त्यात तेल मुरवतात, म्हणजे तंतू एकमेकांना न चिकटता सरकत राहतात. बूट वाकतो तो त्या जोरावर. पाणी शिरलं की तंतू फुगतात. ते पाणी सावकाश, सावलीत, वाऱ्यावर निघून गेलं तर फारसं बिघडत नाही. कडक उन्हात किंवा गरम हवेत झपाट्याने उडालं तर तंतू आकसतात आणि एकमेकांना चिकटतात. असं पुन्हापुन्हा झालं की वाकण्याच्या जागी चामडं तडकतं. मग त्याला क्रीम लावा की तेल लावा, चीर सांधत नाही.

इथे एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. बुटाचा वरचा भाग बहुधा क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेला असतो, पण चांगल्या बुटाचा आतला तळ वनस्पतीच्या अर्काने कमावलेल्या चामड्याचा असतो. आपल्याकडे त्यासाठी बाभळीची साल आणि हिरडा पूर्वापार वापरतात. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेचं चामडं याच जातीचं. क्रोमचं चामडं भिजलेलं असतानाही साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकाव धरतं. वनस्पतीने कमावलेलं भिजलेलं चामडं मात्र ७० ते ८५ अंशांतच आकसायला लागतं. हेअर ड्रायर आत धरला तेव्हा बाहेरून काहीच दिसलं नाही, आतला तळ मात्र कडांनी वर वळला. शिवण याच तळाला धरून असते, त्यामुळे ते नुकसान वरच्या ओरखड्यांपेक्षा कितीतरी मोठं.

बाटलीतलं पॉलिश सुकल्यावर वर पातळ पापुद्रा सोडतं. एखाद्या वेळी घाईत लावलं तर काही मोठं नाही. पण थरावर थर चढले की खालच्या चामड्याला क्रीम पोचत नाही, आतली वाफ बाहेर पडायचीही अडते. म्हणजे आठवडाभर मुरलेली ओल, रविवारचं कडक ऊन आणि सोमवारी वरून झाकण. वकीलसाहेब बुटांची काळजी घेत होते, मनापासून घेत होते. काळजीचा क्रम उलटा पडला होता.

डाव्या चवड्यावरचा पट्टा गिअरचा. मोटारसायकलचा गिअर वर टाकताना बुटाचा माथा लिव्हरखाली अडकवून उचलतो, आणि शहरातल्या रहदारीत हे दिवसातून कितीदा होतं याला गणती नाही. लिव्हरच्या टोकावर एक रबरी नळी असते. त्यांच्या गाडीची ती केव्हाच निघून गेली होती आणि उघडं लोखंड चामड्यावर घासत होतं. पुण्यात माझ्याकडे येणाऱ्या पुरुषांच्या बुटांपैकी डावा जास्त खराब असेल तर मी आधी गाडी कोणती ते विचारते.

चेपलेल्या टाचांचं कारण आपल्या राहणीत आहे. आपण दिवसातून कितीतरी वेळा बूट काढतो: घरी, अशिलाच्या घरी, देवळात, आजारी माणसाला भेटायला गेलं की. दर वेळी कोण नाडी सोडणार? बांधलेल्या बुटात पाय खुपसायचा, टाच चेपून आत ढकलायची. नाडीच्या बुटाची ताठ भिंत यासाठी केलेलीच नसते.

आणि त्या चार चुका. चुकांभोवती तळाच्या चामड्यावर काळे डाग पसरले होते. लोखंड आणि टॅनिन ओलीत एकत्र आले की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस यांची जुनी शाई याच गुणावर बनायची. बुटात मात्र त्या काळ्या डागाच्या जागी चामडं ठिसूळ होत जातं, गंजलेली चूक सैल पडते आणि भोक मोठं होतं. ज्यांनी त्या ठोकल्या त्यांना मी दोष देणार नाही. समाजकल्याण विभागाकडून मिळालेल्या पत्र्याच्या स्टॉलमध्ये बसलेल्या कारागिराला गिऱ्हाईक सांगतं, "मामा, पाच मिनिटांत बसवून द्या, वीस रुपये देतो." पाच मिनिटांत आणि वीस रुपयांत शिवण होत नाही, चूकच बसते. त्याच कारागिराला दोन दिवस आणि रास्त मजुरी दिली तर तो मेणाच्या दोऱ्याने हाताने टाके घालून देईल. ते कसब शहरातल्या चौकाचौकांत अजून बसलेलं आहे, आपण ते मागत नाही.

ठेवायचे की टाकायचे

हा निर्णय दोन गोष्टींवर ठरतो: बूट बांधलाय कसा, आणि वरचं चामडं जिवंत आहे का.

बहुतेक बुटांचा तळ नुसता चिकटवलेला असतो. या जोडीला वेल्ट होता. म्हणजे वरचं चामडं आणि आतला तळ यांना एक चामडी पट्टी शिवलेली आणि त्या पट्टीला बाहेरचा सोल वेगळ्या शिवणीने जोडलेला. सोल झिजला तर ती बाहेरची शिवण उसवून नवा लावता येतो, वरच्या चामड्याला सुई लागत नाही. ही शिवण यंत्राने घालण्याची पद्धत १८७० च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स गुडइअर ज्युनिअर यांनी रूढ केली. रबर टिकाऊ करण्याची रीत शोधणाऱ्या गुडइअर यांचे हे चिरंजीव. दुकानात विचारताना 'गुडइअर वेल्ट' एवढंच म्हटलं तरी कळतं. पण डोळ्यांनीही खात्री करावी. पुष्कळ चिकटवलेल्या बुटांच्या कडेला नुसती दिखाव्याची शिवण असते. ती सोलच्या खालच्या बाजूला कुठे निघते ते बघायचं. खाली टाके दिसत नसतील आणि टाके झाकणारी खाचही नसेल, तर संशय घ्यावा.

चामड्याची परीक्षा अंगठ्याने. उजव्या बुटाचा माथा दाबला की बारीक सुरकुत्या पडून लगेच मोडत होत्या. चामडं तरतरीत होतं. डाव्याला बोटं वाकतात तिथे एक खोल चीर निघाली, बाकी भाग ठीक. वकीलसाहेबांना मी स्पष्ट सांगितलं: चीर बुजवता येईल, नाहीशी होणार नाही. बाकी जोडी नव्या तशाच जोडीच्या निम्म्याहून कमी खर्चात उभी राहील. पण घरी बूट ठेवायची पद्धत तीच राहणार असेल तर हा खर्च करू नका.

ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "पद्धत लिहून द्या. घरी सांगतो... नाही, मीच करतो."

दुरुस्ती

सगळ्यांत जास्त वेळ लागला तो वाळवायला. आत कागदाचे बोळे कोंबायचे, तास-दोन तासांनी बदलायचे, पुढे सावलीत छताच्या पंख्याखाली बूट आडवे ठेवायचे, म्हणजे सोललाही वारा लागतो. बूट कोरडा झाला हे हाताला कळत नाही. अस्तर कोरडं लागतं तेव्हाही आतल्या तळात ओल असतेच. त्याला उपाय वजनाचा. रोज सकाळी बूट तोलायचा. वजन घटत असेल तोवर पाणी निघतंय. दोन सकाळी तेच वजन आलं की बूट वाळला. ही जोडी आठवड्याच्या जवळपास वाळत होती, आणि तेवढ्यात डाव्या बुटाचा वळलेला तळही थोडा सपाट झाला.

बुरशी मी घराबाहेर उघड्यावर पुसते, तिचे बीजाणू बाकीच्या कामावर नको म्हणून. एक भाग पांढरं व्हिनेगर, दोन भाग पाणी, त्यात पिळलेलं फडकं, आणि आधी बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला लावून रंग निघत नाही ना हे बघायचं. घामातल्या मिठाचे पांढरे डागही यानेच जातात. डांबराच्या गोळ्या लोक फार विश्वासाने बुटांत टाकतात. त्या किड्यांसाठी आहेत, बुरशीला रोखत नाहीत.

पॉलिशचा पापुद्रा काढणं हे चिकाटीचं काम. थिनर किंवा पेट्रोल वापरलं तर पापुद्र्याबरोबर चामड्यातलं तेलही ओढून निघतं. मी सौम्य फिनिश-रिमूव्हर कापसावर घेऊन थोड्याथोड्या जागेवर फिरवते, कापूस काळा झाला की बदलते. खालचं चामडं दिसायला लागलं तसं वकीलसाहेबांच्या जोडीचं खरं रूप कळलं: बारीक रंध्रांचं उत्तम वासराचं चामडं, वर्षानुवर्षं झाकून गेलेलं. त्यावर सॅडल सोपचा, म्हणजे चामड्याच्या साबणाचा, हलका हात, पुन्हा सावलीत वाळवण, मग बिनरंगी क्रीमचा पातळ थर. रात्रभर मुरू दिलं. सकाळी जिथे चामड्याने क्रीम पिऊन टाकलं होतं तिथे पुन्हा थोडं. आत लाकडी शूट्री, म्हणजे बुटाचा आकार धरणारे साचे, घातलेल्याच होत्या, म्हणून सुरकुत्या ताणून राहिल्या आणि क्रीम त्यांच्या तळापर्यंत गेलं.

खोबरेल तेलाबद्दल हमखास विचारतात. खोबरेलाने चामडं लगेच मऊ लागतं, म्हणून बरं वाटतं. पण ते रंग गडद करतं, पृष्ठभागावर धूळ धरतं, पुण्याच्या थंडीत २४ अंशांच्या खाली थिजतं, आणि जास्त झालं तर चामडं सैल पडून बुटाचा आकार जातो. स्वयंपाकघरातलं कुठलंच तेल या कामाचं नाही.

सोलचं काम तुलनेने सरळ होतं. चुका काढल्या, काळं पडलेलं चामडं रापीने तासलं, जुना सोल उसवला, आतला चुरा झालेला कॉर्क काढून नवा भरला. वेल्ट पुढच्या टोकाला कुजला होता, तेवढा तुकडा बदलून आरीने जुन्याच भोकांतून हाताने टाके घातले. नवा सोल चामड्याचा न लावता रबराचा लावला. चामडी सोल देखणा, आवाजही रुबाबदार. पण ज्या माणसाला चार महिने ओल्या रस्त्यावर गाडीवरून पाय टेकायचा आहे, त्याला रबरच योग्य, हे माझं ठाम मत आहे. काउंटरमध्ये नवा ताठ तुकडा बसवला, टाचेचं रबर बदललं, चीर लवचीक भरणीने बुजवून काळ्या क्रीमने रंग जुळवला.

शेवटी पॉलिश. क्रीम सगळीकडे, डबीतलं मेणाचं पॉलिश फक्त टाचेवर आणि बोटांच्या टोकावर. खडकवासल्याला संरक्षण प्रबोधिनीतल्या कॅडेटचे बूट आरशासारखे चमकतात, ते पाण्याचा थेंब आणि मेणाचे थर आळीपाळीने चढवून. संचलनाच्या बुटाला ते शोभतंच, आणि त्यामागे तासन्‌तास मेहनत असते. रोजच्या बुटाला वाकण्याच्या जागी तसे थर दिले तर ते तडकतात आणि भेगांत धूळ बसते.

लिहून दिलेली पद्धत

कागदावर फार काही नव्हतं. पहिली ओळ: पावसाळ्यात गाडीवर चामडी बूट घालायचे नाहीत. रबराचे साधे बूट किंवा प्लॅस्टिकच्या सँडल घालून जायचं, चामडी जोडी कोर्टात ठेवायची, तिथे पाय आणि मोजे बदलायचे. काळा कोट आणि बँड माणूस कोर्टात जाऊन चढवतोच, बुटांचं काय जड आहे? वकीलसाहेबांनी बाररूममधल्या लॉकरला वरच्या बाजूने हवा जाते हे बघून तो मागून घेतला. या एका बदलाने अर्ध्याहून जास्त काम केलं, असं मला वाटतं.

दुसरी: एकच जोडी लागोपाठ दोन दिवस नको. घाम मुरलेल्या बुटाला किमान एक पूर्ण दिवस उघड्यावर हवा. त्यांनी दुसरी, कमी किमतीची काळी जोडी घेतली. लोकांना वाटतं दोन जोड्या म्हणजे दुप्पट खर्च. प्रत्येक जोडी निम्मे दिवस वापरली जाते एवढंच नाही, ती दर वेळी कोरडी होऊन वापरली जाते, त्यामुळे दोन्हींचं आयुष्य वाढतं.

घरातलं कपाट बदललं नाही, दारं काढली. बिजागऱ्या सोडवायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

शूट्री देवदार किंवा तशा सुगंधी, ओल शोषणाऱ्या लाकडाची मिळाली तर उत्तम, पण महाग पडते. प्लॅस्टिकची ओल शोषत नाही, आकार तरी धरते. काहीच नसेल तर जुन्या पंच्याची घट्ट गुंडाळी चालते. एकच सांभाळायचं: मापापेक्षा मोठी शूट्री कोंबली तर बूट ताणला जातो. शूहॉर्न, म्हणजे बुटात टाच सरकवायची पट्टी, दाराशी एक आणि बाररूममध्ये एक, दोन्ही खिळ्याला टांगलेले, कारण हाताशी नसलेला शूहॉर्न कुणी शोधत बसत नाही. गिअर लिव्हरवर गॅरेजमधून रबरी नळी बसवली. टाचेचं रबर तीनेक मिलिमीटर उरलं की बदलायचं, त्याखालच्या टाचेला रस्ता लागू द्यायचा नाही. कोपऱ्यावरच्या स्टॉलवर हे काम स्वस्तात होतं. उशीर केला तर टाचच नव्याने बांधावी लागते आणि खर्च कितीतरी पट होतो.

पॉलिशला मी सगळ्यांत कमी जागा दिली होती. रोज संध्याकाळी ब्रशचे दहा-बारा हात, धूळ सुरकुत्यांत बसू नये म्हणून. क्रीम महिन्यातून एकदा, तेही बोटाच्या टोकावर मावेल एवढंच. ब्रश मऊ घोड्याच्या केसांचा असेल तर छान, नाहीतर कपड्यांचा मऊ ब्रशही चालतो.

वजनाच्या उपायावरून घरात थोडी गडबड झाली. वकीलसाहेबांनी बूट थेट ओट्यावरच्या काट्यावर ठेवला, आणि आई कडाडल्या, "अरे, त्या काट्यावर मी नैवेद्याची कणीक तोलते!" आईंचं बरोबरच होतं. प्रवासाची बॅग तोलायचा हुकाचा काटा आणला. बुटाची नाडी हुकात अडकवून वजन घेता येतं आणि काटा कपाटाशेजारीच लटकतो.

जपून ठेवलेली जोडी

याच घरातली दुसरी हकिगत या प्रकरणाचाच भाग आहे. धाकट्या बहिणीच्या लग्नात घेतलेले तपकिरी बूट त्यांनी खोक्यात, खोकं प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी माळ्यावर अशी जपून ठेवली होती. बूट जेमतेम दोन-तीनदा घातलेले. दिवाळीनंतर कर्वे रस्त्यावरच्या एका कार्यालयात भाच्याची मुंज होती, म्हणून ते बाहेर निघाले. जेवणाच्या पंगतीपर्यंत सोलचे काळे चुरे फरशीवर सांडत गेले आणि डावा सोल टाचेपासून सुटून आला. संध्याकाळी ते माझ्याकडे आले तेव्हा पिशवीत बूट कमी आणि भुगा जास्त.

"न घालता कसे झिजले, ताई?"

हे सोल पॉलीयुरेथेनचे होते. हलके, मऊ, चालायला सुखाचे. पण त्याच्या काही जाती हवेतल्या ओलीने आतून तुटत जातात. पाणी त्या रेणूंच्या साखळ्या तोडतं. उष्णता आणि दमटपणा जितका जास्त तितका वेग जास्त, आणि पत्र्याखालचा माळा म्हणजे दोन्हींचं घर. प्लॅस्टिकच्या पिशवीने ओल बाहेर राहत नाही, आत कोंडली जाते. असे सोल वापरा किंवा ठेवा, काही वर्षांत जातात. म्हणून समारंभाच्या आदल्या आठवड्यात ठेवणीतला बूट काढून सोलच्या कडेला अंगठ्याचं नख रोवून बघावं. चिकट लागलं किंवा कण सुटले, तर तो बूट घालून घराबाहेर पडू नये.

वरचा भाग चामड्याचा असता तर मी रबराचा सोल चिकटवून दिला असता. पण तोही कापडावर प्लॅस्टिकचा लेप दिलेला होता आणि घडीच्या जागी सोलायला लागला होता. ते बूट टाकले. ज्या बुटांना रोज रस्ता, गिअर, घाम आणि पाऊस सोसावा लागला ते दुरुस्त झाले, आणि ज्यांना पायाची धूळही लागली नव्हती ते भुगा होऊन गेले, हे वकीलसाहेबांच्या मनाला फार लागलं. बूट घेताना वरच्या चामड्याइतकंच सोल कशाचा आहे हे विचारायला ते त्यानंतर शिकले.

दोन पावसाळ्यांनंतर

काळी जोडी त्यानंतर दोन पावसाळे काढून गेल्या नोव्हेंबरमध्ये तपासणीला आली. आत बुरशीचा मागमूस नव्हता. अस्तर कोरडं, वास फक्त चामड्याचा आणि क्रीमचा. काउंटर ताठ. टाचेचं रबर मधल्या काळात कोर्टाजवळच्या स्टॉलवर एकदा बदललेलं, तेही वेळेत. डाव्या चवड्यावरचा गिअरचा पट्टा क्रीमने बहुतेक झाकला गेला होता आणि नवीन ओरखडा नव्हता. सोल पुढच्या टोकाला किंचित झिजला होता, त्याला पातळ रबरी पट्टी लावून दिली.

चीर मात्र थोडी लांबली आहे. भरणी दोनदा निघाली, दोनदा नव्याने भरली. आतल्या अस्तरापर्यंत ती अजून पोचलेली नाही. पोचली की पाणी सरळ मोज्यात येईल आणि मग आतून पातळ चामड्याचं ठिगळ लावावं लागेल. वेल्टची जुनी भोकं अजून एक सोल शिवायला पुरतील. त्याच्या पुढच्या वेळी वेल्ट पूर्ण बदलावा लागेल, आणि तेव्हा आतला तळ ती शिवण सोसेल की नाही, हे हेअर ड्रायरने वळलेल्या त्या कडेवर अवलंबून आहे. वकीलसाहेबांना तसं सांगितलं आहे आणि जोडीच्या नोंदवहीत तसं लिहून ठेवलं आहे.